जॉर्डी नेल्सनचा २०१६ चा मोसम: गुडघा गेल्यावर रिसीव्हर ‘पूर्वीसारखा’ होतो का?

उत्तरवारा

अमेरिकन फुटबॉलमध्ये दर वर्षी मोसमाच्या तोंडावर कुणा ना कुणा रिसीव्हरचा गुडघा जातो आणि मग पुढचं वर्षभर एकच प्रश्न चघळला जातो: आता हा पूर्वीसारखा खेळेल का? ग्रीन बे पॅकर्सच्या जॉर्डी नेल्सनचा २०१६ चा मोसम मी इथे विस्कॉन्सिनमध्ये राहून आठवड्यामागून आठवडा बघितला, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला अपुरा वाटत आलाय. नेल्सन पूर्वीसारखा झालाच नाही. तो वेगळा खेळाडू होऊन परतला आणि तरीही टचडाऊनच्या आकड्यांत लीगमध्ये (एनएफएलमध्ये) पहिला आला. म्हणून हा धागा.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन झेलतो, आणि कॉर्नरबॅक त्याला चिकटून पळत तो झेल होऊ देत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, सहा गुण.

नेल्सन कॅन्ससमधल्या शेतकरी घरातला. कॅन्सस स्टेट विद्यापीठात तो शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरला, तोही बचावफळीत. रिसीव्हर नंतर झाला. २००८ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत) ग्रीन बे पॅकर्सनी त्याला दुसऱ्या फेरीत, एकूण ३६ व्या क्रमांकावर घेतलं. फेब्रुवारी २०११ मध्ये पिट्सबर्गविरुद्ध जिंकलेल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याचे ९ झेल, १४० यार्ड आणि एक टचडाऊन होता. २०१४ मध्ये तर ९८ झेल, १५१९ यार्ड, १३ टचडाऊन. तिशीला टेकला असताना तो ऐन भरात होता.

२३ ऑगस्ट २०१५, पिट्सबर्ग. मोसमाआधीचा सामना, ज्याच्या निकालाला गुणतक्त्यात काही किंमत नसते. नेल्सनने एक छोटा पास झेलला, वळायला पाय रोवला आणि पडला. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी धरलंही नव्हतं. उजव्या गुडघ्याच्या आतलं एसीएल हे लिगामेंट तुटलं होतं. एकही खरा सामना न खेळता त्याचं ते वर्ष संपलं.

तो नसताना संघाचं काय झालं ते आकड्यांत दिसतं. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने २०१४ मध्ये ४३८१ यार्ड आणि ३८ टचडाऊन फेकले होते; २०१५ मध्ये ३८२१ आणि ३१. रिसीव्हरांत रँडल कॉब होता, डेव्हान्टे ॲडम्स होता, पण लांब धावून बचावाला मागे खेचणारा कुणी राहिला नव्हता. समोरचे संघ निर्धास्तपणे पुढे गर्दी करायला लागले. रिसीव्हर जेम्स जोन्सला न्यूयॉर्क जायंट्सनी मोसमाआधी कमी केलं होतं, त्याला परत बोलावून घेतलं, आणि त्या वर्षी यार्डांत तोच संघात पहिला आला.

२०१६ च्या सराव शिबिराच्या सुरुवातीला नेल्सन मैदानाबाहेरच होता. आता डाव्या गुडघ्याच्या टेंडनला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोराला) सूज. मोसमाआधीच्या सामन्यांत तो एकदाही उतरला नाही. थेट ११ सप्टेंबरला जॅक्सनव्हिलच्या उकाड्यात उतरला, आणि त्याच सामन्यात टचडाऊन केला. मोसम संपला तेव्हा ९७ झेल, १२५७ यार्ड, १४ टचडाऊन. झेललेल्या टचडाऊनमध्ये लीगमध्ये पहिला. पुनरागमन करणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच.

आता २०१४ आणि २०१६ शेजारी ठेवून बघा. त्याच्या दिशेने फेकलेले चेंडू १५१ आणि १५२. झेल ९८ आणि ९७. टचडाऊन १३ आणि १४. जणू काही घडलंच नाही. फक्त एक आकडा हलला: एका झेलामागे साडेपंधरा यार्ड मिळायचे, ते तेरावर आले. माझ्या मते अख्खी गोष्ट या अडीच यार्डांत आहे. तुम्हाला काय वाटतं?

नवखी

खूप छान लिहिलंय. नवऱ्यामुळे आत्ता कुठे हा खेळ बघायला लागलेय, म्हणून एक बाळबोध शंका. वेग कमी झाला म्हणून यार्ड कमी झाले हे समजलं. मग टचडाऊन कसे वाढले? टचडाऊन म्हणजे पळून रेषा गाठणंच ना?

उत्तरवारा

@नवखी, शंका अगदी मोक्याची आहे. शेवटच्या वीस यार्डांच्या पट्ट्याला रेड झोन म्हणतात. तिथे पळायला जागाच नसते. चाळीस यार्ड मोकळं मैदान असेल तर वेगवान माणूस जिंकतो. आठ यार्ड उरलेत आणि अकरा जण समोर दाटीवाटीने उभे आहेत, तिथे वेगाचा काही उपयोग नाही. तिथे लागतं शरीर आडवं घालणं, नेमक्या क्षणी वळणं, हात आणि क्वार्टरबॅकचा विश्वास.

नेल्सन आणि रॉजर्सचा एक हुकमी डाव होता, बॅक शोल्डर थ्रो. तो नीट सांगते, कारण तो दिसला की बाकीचं सगळं उलगडतं. नेल्सन सीमारेषेच्या कडेने सरळ पळतोय. कॉर्नरबॅक त्याच्या आतल्या बाजूला, खांद्याला खांदा लावून. त्याला एकच भीती असते, हा आपल्याला मागे टाकून पुढे निघेल, म्हणून तो जीव तोडून पळत असतो. रॉजर्स चेंडू पुढे टाकतच नाही. नेल्सनच्या मागे राहिलेल्या, सीमारेषेकडच्या खांद्यावर टाकतो. चेंडू हवेत असताना नेल्सन अर्धा गर्रकन वळतो, बचावपटू आपल्याच वेगाने दोन पावलं पुढे निघून जातो, आणि चेंडू नेल्सनच्या हातात. एनएफएलमध्ये झेल धरायला दोन्ही पाय रेषेच्या आत टेकावे लागतात. नेल्सन धड रेषेबाहेर झुकलेलं असताना दोन्ही बुटांची टोकं आत टेकवायचा. या कामात मी त्याच्याइतका भरवशाचा माणूस बघितलेला नाही.

यात चेंडू सुटतो तेव्हा नेल्सन वळलेलाही नसतो. रॉजर्सला आधीच ठाऊक असतं की हा आता वळेल. ती समज वर्षानुवर्षांच्या सरावातून येते, आणि लिगामेंट तुटलं म्हणून ती तुटत नाही.

शिवाय २०१६ मध्ये प्रशिक्षक माइक मॅकार्थींनी त्याला बऱ्याचदा कडेला न ठेवता आत, स्लॉटमध्ये उभं केलं. तिथे समोर बहुतेकदा लीगमधला सर्वांत चपळ कॉर्नरबॅक नसतो, आणि वळायला दोन्ही बाजू मोकळ्या असतात.

फिजिओ_निशिगंधा

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. हा खेळ फारसा कळत नाही, पण गुडघे रोज हाताखालून जातात, म्हणून लिहिते.

एसीएल हे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून तिरकं बांधणारं लिगामेंट. नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळवटू न देणं हे त्याचं काम. सरळ पळताना त्याची फारशी परीक्षा होत नाही. वेगात असताना एकदम थांबलात, पाय रोवून दिशा बदललीत किंवा उडी मारून एका पायावर उतरलात की सगळा ताण त्याच्यावर. म्हणून ही दुखापत बहुतेक वेळा धक्क्याशिवायच होते, आणि रिसीव्हरचं तर पोटच थांबण्या-वळण्यावर आहे.

तुटलेलं लिगामेंट टाके घालून सहसा नीट जुळत नाही, म्हणून रुग्णाच्याच गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा किंवा मांडीमागच्या टेंडनचा तुकडा काढून तिथे बसवतात. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं, आता फक्त ताकद आणायची. पण बसवलेला ग्राफ्ट पहिल्या काही महिन्यांत आधी कमजोर होतो. त्याच्यात नवा रक्तपुरवठा रुजतो, पेशी नव्याने भरतात, आणि मग हळूहळू तो लिगामेंटसारखा होत जातो. गंमत अशी की याच काळात दुखणं थांबलेलं असतं, चालणं सुधारलेलं असतं, आणि पेशंटला वाटतं आपण बरे झालो. सर्वांत जास्त धोका तेव्हाच असतो.

दुसरं म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. ऑपरेशननंतर तो बघता बघता वाळतो. नुसता वापर थांबला म्हणून नाही. सुजलेला गुडघा मेंदूला जे संदेश पाठवतो त्यामुळे मेंदूच त्या स्नायूला आवरून धरतो. कितीही इच्छाशक्ती असली तरी तो पूर्ण आकसत नाही. तो परत जागा करायला महिने जातात. पळण्यातला पहिला झटका याच स्नायूतून येतो, त्यामुळे तुम्ही म्हणता ते अडीच यार्ड कुठे गेले असतील याचा मला अंदाज आहे.

आणि दुसऱ्या गुडघ्याच्या टेंडनची सूज वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. एक पाय राखून वागताना दुसऱ्यावर भार पडतो, हे आम्ही रोज बघतो.

शिरीष_खडकी

लेख आवडला, पण थोडी दुसरी बाजू मांडतो. यातलं किती श्रेय नेल्सनचं आणि किती रॉजर्सचं? २०१६ मध्ये रॉजर्सने ४० टचडाऊन फेकले, लीगमध्ये सर्वाधिक. त्यातले १४ कुणाकडे तरी जाणारच होते. उलट पुरावा बघा. १५ ऑक्टोबर २०१७ ला मिनेसोटात रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं. त्या मोसमात नेल्सनचे टचडाऊन सहा, आणि सहाच्या सहा त्या तारखेच्या आधीचे. पुढे एकही नाही. वर्षअखेर ५३ झेल, ४८२ यार्ड. मार्च २०१८ मध्ये पॅकर्सनी त्याला सोडलं. फॉर्म त्याचा स्वतःचा असता तर असा एका दिवसात आटला असता का?

तुलनाच करायची तर क्रिकेटमधल्या डेनिस लिलीची करतो. १९७३ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यावर पाठीची हाडं चिरली, लोकांनी कारकीर्द संपल्यात जमा धरली. १९७४-७५ च्या ॲशेसला तो परतला आणि पुढे वर्षागणिक वेगापेक्षा डोक्याने जास्त विकेट काढायला लागला. पण गोलंदाजाच्या हातात चेंडू त्याचा स्वतःचा असतो. रिसीव्हरला तो दुसऱ्याने द्यावा लागतो.

उत्तरवारा

@शिरीष_खडकी, २०१७ चा मुद्दा बिनतोड आहे, तो मी नाकारत नाही. पण त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढते. रिसीव्हरचा फॉर्म ही एकट्याची मालमत्ता नसतेच. जी गोष्ट दोघांनी मिळून उभी केली, ती एकजण गेल्यावर थांबणारच. २०१५ मध्ये नेल्सन नव्हता तेव्हा रॉजर्स खाली आला, २०१७ मध्ये रॉजर्स नव्हता तेव्हा नेल्सन. दोन्ही वर्षं एकत्र वाचली तर ‘श्रेय कुणाचं’ याचं उत्तर मिळतं.

आणि फक्त रेषेजवळचे सोपे झेल घेऊन त्याने आकडे फुगवले, असंही कुणी समजू नये. १८ डिसेंबर २०१६ ची शिकागोतली मॅच सांगते. पॅकर्स नोव्हेंबरात ४ विजय, ६ पराभव अशा गाळात होते. उरलेले सगळे सामने जिंकू असं रॉजर्सने जाहीर बोलून दाखवलं होतं, आणि लोकांना ते नुसतं बोलणं वाटलं होतं. त्यानंतर ते एकामागून एक जिंकत सुटले. शिकागोत तापमान उणे बारा सेल्सियसच्या आसपास. अशा थंडीत चेंडू दगडासारखा होतो, झेलताना बोटं सुन्न पडतात. १७ गुणांची आघाडी घालवून सामना २७-२७ बरोबरीत आलेला. शेवटचं अर्धं मिनिट, तिसरा प्रयत्न, अजून ११ यार्ड काढायचे होते. इथे कुणीही छोटा पास खेळून निभावून नेईल. रॉजर्सने चेंडू लांब आकाशात फेकला. नेल्सन बचावाच्या मागे निघून गेला होता. ६० यार्ड. किकर मेसन क्रॉस्बीने वेळ संपता संपता फील्ड गोल मारला (चेंडू लाथेने खांबांमधून मारला की तीन गुण), ३०-२७.

म्हणजे लांबची धाव त्याच्याकडे होती. फक्त आता ती रोज काढायची वस्तू राहिली नव्हती. २०१४ मध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध त्याने एका सामन्यात २०९ यार्ड काढले होते, त्यात एक ८० यार्डांचा टचडाऊन. तसं २०१६ मध्ये पुन्हा घडलं नाही. त्याने ती धाव राखून ठेवली आणि समोरच्याला तिचा विसर पडला की बाहेर काढली. माझ्या मते हे शहाणपण आहे, आणि गुडघा जाण्याआधी त्याला त्याची गरज नव्हती.

बे_एरियाकर

+१. आणखी दोन नावं जोडतो. कीनन ॲलनचं एसीएल सप्टेंबर २०१६ मध्ये, मोसमाच्या पहिल्याच सामन्यात गेलं. २०१७ मध्ये १०२ झेल, १३९३ यार्ड, आणि नेल्सनपाठोपाठ पुनरागमनाचा पुरस्कार. सलग दोन वर्षं तो पुरस्कार एसीएलवाल्या रिसीव्हरलाच.

कूपर कपचं उदाहरण तर उत्तरवारांच्या विरोधातही वापरता येईल. नोव्हेंबर २०१८ मध्ये डावा गुडघा, संघ सुपर बोलला पोचला तेव्हा हा बाहेर. २०१९ मध्ये परत आला, ९४ झेल, ११६१ यार्ड. आणि २०२१ मध्ये १४५ झेल, १९४७ यार्ड, १६ टचडाऊन, तिन्हीत लीगमध्ये पहिला, वर सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू. म्हणजे गुडघ्यानंतर तो पूर्वीपेक्षाही वर गेला. पण बघा, कप कधीच निव्वळ वेगावर जगणारा नव्हता. कितव्या पावलाला वळायचं, बचावपटूचं वजन कुठल्या पायावर आहे, हे वाचणारा खेळाडू. त्याच्याकडून गुडघ्याने हिरावून घेण्यासारखं कमी होतं.

उलट बाजूला व्हिक्टर क्रूझ. ऑक्टोबर २०१४ मध्ये फिलाडेल्फियात त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन तुटला. २०१५ चा मोसम पोटरीने खाल्ला. २०१६ मध्ये ३९ झेल, एक टचडाऊन, आणि संपलं. ज्या झटक्यावर त्याचा खेळ उभा होता तोच गेला.

फिजिओ_निशिगंधा

@बे_एरियाकर, क्रूझचं वाचून एक सांगावंसं वाटतं. वाटीखालचा टेंडन आणि एसीएल या दोन अगदी निराळ्या दुखापती आहेत. मांडीच्या स्नायूची सगळी ताकद नडगीपर्यंत पोचते ती त्या टेंडनमधूनच. तो तुटला की उडीचं आणि झटक्याचं यंत्रच तुटलं. एसीएल तुटतं तेव्हा गुडघ्याची स्थिरता जाते, पण ताकद पोचवणारा दोर शाबूत असतो. त्यामुळे ‘याचाही गुडघा गेला आणि त्याचाही’ असं एका मापाने मोजू नये.

पेठेतला

ताई, फुटबॉल म्हटल्यावर आम्ही कोल्हापूरकर लगेच शाहू स्टेडियमवर पोचतो, पण हा दुसराच फुटबॉल निघाला. तरी सगळं वाचलं, लई आवडलं. आमच्याकडं पेठापेठांच्या संघांत ही दुखापत कायम बघतोय. फरक एवढाच की तिकडं वर्षभर फिजिओ, डॉक्टर, सगळं संघाच्या खर्चानं. इकडं पोरगं ऑपरेशन करून घरी येतंय, चार महिन्यांत तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसतंय, आणि सगळे विचारायला लागतात, “काय रे, कधी उतरतोस?” समोरच्या पेठेशी सामना असला की त्याला घरी बसवत नाही.

माझा भाचा विंगला खेळतो. ऑपरेशनला सहा महिने झालेत. दुखत नाही म्हणतो, सरळ पळतोय चांगला. त्याला यंदाच उतरायचंय. निशिगंधाताई, काय सांगू त्याला?

उत्तरवारा

@पेठेतला, वैद्यकीय उत्तर निशिगंधा देतीलच. मी फक्त नेल्सनचं वेळापत्रक सांगते, ते भाच्याच्या कानावर घाला. ऑगस्ट २०१५ ला दुखापत, पहिला सामना सप्टेंबर २०१६ ला. वर्षाहून जास्त. २०१५ च्या शेवटी संघ प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) होता, त्याची निकड होती, तरी कुणी त्याला उतरवलं नाही. आणि परतल्यावरही मोसमाआधीच्या एकाही सामन्यात खेळवलं नाही.

नंतर मात्र हाच माणूस फासळ्या मोडलेल्या असताना खेळला. ८ जानेवारी २०१७ ला जायंट्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये फासळ्यांवर फटका बसला, डलासचा सामना हुकला, आणि २२ तारखेला अटलांटात तो उतरला. एक टचडाऊनही केला, संघ ४४-२१ हरला तरी. दुखणं सोसायची तयारी त्याच्याकडे भरपूर होती. पण मोडकी फासळी सोसता येते, न पिकलेला ग्राफ्ट सोसता येत नाही, हा फरक त्याला आणि त्याच्या डॉक्टरांना कळत होता.

फिजिओ_निशिगंधा

@पेठेतला, भाच्याला सांगा की सरळ पळणं हा पुरावा नाही. वर लिहिलंय तसं, सरळ पळताना एसीएलची परीक्षा होत नाही. नऊ महिन्यांच्या आत खेळात उतरणाऱ्यांत पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि तरुण मुलांत तर अधिकच. नऊ महिने झाले म्हणजे आपोआप परवानगी मिळाली असंही नाही. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के असायला हवी. एका पायावर लांब उडी, ओळीने तीन उड्या, दोन्ही पायांची तुलना. उतरताना गुडघा आत झुकतो का, ते समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढून बघायचं. मग वळणं, आधी सावकाश, मग वेगात, मग समोर माणूस उभा करून, आणि सगळ्यात शेवटी संघाबरोबर पूर्ण सराव.

विंगला खेळतो म्हणजे थांबणं-वळणं आलंच. मधल्या काळात त्याला पासिंग, पहिला स्पर्श, दोन्ही पायांनी फटके, यावर काम करू दे. त्याला गुडघा पिळावा लागत नाही आणि तो संघाबरोबर मैदानावर राहील.

पेठेतला

व्हिडिओचं लगेच करतो. तो उजव्या पायाचा आहे, डाव्यानं मारतच नाही. तेच काम लावतो आता. ताकद मोजायला कोल्हापुरात कुठं जायचं ते त्याच्या ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना विचारतो. यंदाच्या सामन्यांना त्याला माझ्या शेजारी गॅलरीत बसवणार. त्याच्या आईशी बोललोय, ती एका पायावर तयार आहे.

नवखी

@उत्तरवारा, शिकागोचा तो ६० यार्डवाला पास आत्ता नवऱ्याबरोबर बघितला. फेकताना रॉजर्स नेल्सनकडे बघतोय आणि बचावपटूला मात्र उशिरा कळतंय, ते आता दिसलं. नेल्सन पुढे कुठे गेला?

उत्तरवारा

@नवखी, २०१८ चा मोसम ओकलंड रेडर्सकडून खेळला, ६३ झेल, ७३९ यार्ड, ३ टचडाऊन. ऑगस्ट २०१९ मध्ये ग्रीन बेला येऊन पॅकर म्हणूनच निवृत्त झाला. जमलं तर २४ डिसेंबर २०१६ चा मिनेसोटाविरुद्धचा सामना पण बघा, पॅकर्सच्या घरच्या मैदानावरचा, लँबो फील्डवरचा. ९ झेल, १५४ यार्ड, दोन टचडाऊन. झेलल्यावर पळण्याकडे नको, झेलण्याच्या आधीच्या दोन पावलांकडे लक्ष ठेवा.